व्लायकोच्या नावाचं रक्त

१

व्लायको रादिन फेब्रुवारीतल्या एका सकाळी बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानासमोर उभ्याउभ्या कोसळला. दुकानाची मालकीण पाण्याचा पेला घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदयविकाराचा झटका.

तिसा नदीकाठच्या त्या शहरात त्याला न ओळखणारं माणूस शोधूनही सापडलं नसतं. जन्मभर त्यानं याच गल्ल्यांतून पायी टपाल वाटलं होतं. ज्या पायांनी त्याला पोसलं, तेच म्हातारपणी त्याच्यावर उलटले. पायांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आतून चोंदल्या होत्या. थोडं चाललं की पोटऱ्या आवळून यायच्या, थांबलं की कळ ओसरायची. भर रस्त्यात थांबायची लाज वाटते म्हणून असे रोगी दुकानाच्या काचेत काहीतरी बघत असल्याचं सोंग करतात. व्लायकोही करायचा. त्या सकाळी तो कढयांकडे बघत होता, असं लोक म्हणाले.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या अशा मरणात कुणाला काही वावगं दिसलं नसतं. पण मार्च महिन्यात त्याची मुलगी बोयाना हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आली, डॉ. यागोदा बेरिच यांच्या समोरच्या खुर्चीत कोट न काढताच बसली आणि एक कागद तिनं टेबलावर सरकवला.

"ही सही तुमचीच ना?"

"माझीच," यागोदा म्हणाली. लॅबची ती प्रमुख होती, निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते.

"ऑक्टोबरात तुम्ही बाबांचं रक्त तपासलंत. धोका कमी, असं लिहिलंत. वर्षानं पुन्हा या, म्हणालात. वर्ष कुठलं, हिवाळासुद्धा सरला नाही."

"फार वाईट झालं. पण रक्ताची तपासणी म्हणजे भविष्य नसतं हो. धोका कमी म्हणजे धोका नाहीच, असं नाही."

"ते मला कळतं. मी भांडायला आलेली नाही." बोयानाचा आवाज सपाट होता, रडून रडून कोरडा पडलेला. "माझा नवरा आणि पोरगी केव्हाचे परदेशात, लिंझला राहायला गेलेत. लेना तिकडच्या शाळेत जायला लागली, तीसुद्धा माझ्याशिवाय. मी बाबांसाठी इथं अडून होते. आमचं ठरलं होतं, रक्त चांगलं निघालं तर मी जायचं, नाहीतर राहायचं. तुमचा कागद आला आणि मी बॅग भरून निघून गेले. मला एकच सांगा. तुम्ही तपासलंत ते रक्त माझ्या बाबांचंच होतं का?"

उभ्या नोकरीत यागोदाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. रक्तवाहिन्यांच्या रोग्यांचा अभ्यास गेल्या वर्षापासून सुरू होता. प्रत्येकाचं उरलेलं रक्त खोल थंडीच्या फ्रीझरमध्ये ठेवलेलं होतं. एक नळी चुकली असेल तर तिच्या शेजारचीही चुकलेली असणार. म्हणजे आणखी कुणीतरी आपण धडधाकट आहोत अशा समजुतीत या शहरात हिंडत असणार, आणि त्याचीही वेळ भरत आली असणार.

"उद्या सांगते," ती म्हणाली. बोयाना गेल्यावर तिनं फ्रीझरची किल्ली काढली.

२

"यागोदाबाई, दुःखात माणसं गुन्हेगार शोधतात," डॉ. तोपालोव म्हणाले. "कुणीतरी सापडलं की बरं वाटतं त्यांना."

अभ्यास त्यांचा होता. पायांच्या चोंदलेल्या वाहिन्यांचा रोगी पायानं क्वचित मरतो, हृदयानं किंवा मेंदूनं मरतो. पण शंभरांतला कोणता, हे बघून कळत नाही. तोपालोव रक्तातल्या तीन खुणा मोजायचे. एक हृदयावर ताण आला की वाढते, दुसरी वाहिन्यांच्या आत धग असली की, तिसरी हृदयाचा स्नायू हळूहळू झिजत असला की. तिन्हींचा मेळ घालून रोग्यांची दोन गटांत वाटणी व्हायची. ज्यांना धोका जास्त, त्यांना लगेच आत बोलावून हृदयाची तपासणी, जोरकस औषधं, दर महिन्याची फेरी. बाकीच्यांना नेहमीच्या गोळ्या आणि वर्षभराची सुट्टी.

"कमी धोक्याच्या गटातही मरतातच माणसं," ते म्हणाले. "व्लायको त्यांतला निघाला. माझ्या आकड्यांना त्यानं धक्का दिला, मी काही म्हटलं का?"

"तुम्ही त्याचे पाय तपासले होते ना? रक्त घेताना होतात का तिथं?"

"मी कशाला असेन? रक्त खालच्या गर्दीत नको म्हणून तिसऱ्या मजल्यावर घ्यायचे. सिस्टर घ्यायच्या. पाय मात्र मी बघितले होते. असे पाय रोज दिसत नाहीत. शंभर पावलंसुद्धा धड चालवत नव्हतं त्याला."

ओब्राद, लॅबचा तंत्रज्ञ, फ्रीझरमधून व्लायकोच्या नावाची नळी घेऊन आला. चाळिशीचा, बारीक, कमी बोलणारा माणूस. त्याच्याच हातानं तेव्हा तपासणी झाली होती आणि बोयाना कशासाठी आली हे त्याला कळलं होतं. नळी वितळेपर्यंत तो एकदाही खाली बसला नाही.

"रंग बघा बाई," तो मधेच म्हणाला. "जरा जास्तच पिवळं वाटतं."

यागोदानं नळी उजेडाकडे धरली. तांबड्या पेशी काढून टाकल्यावर उरणारं पाणी फिकट पेंढ्याच्या रंगाचं असतं. हे चांगलंच पिवळं होतं. तिनं मान हलवली आणि नळी यंत्रात लावली.

आकडे आले. ऑक्टोबरात होते तेच. हृदयावर ताण नाही, धग नाही, झीज नाही.

"झालं समाधान?" तोपालोव म्हणाले. "यंत्र चुकलं नाही, ओब्राद चुकला नाही, कुणी चुकलं नाही. नशीब म्हणा आणि सोडून द्या."

यागोदा संगणकावर व्लायकोचे जुने रिपोर्ट उघडत होती. बरीच वर्षं तो या ना त्या कारणानं हॉस्पिटलमध्ये येत होता. एक गोष्ट प्रत्येक रिपोर्टात होती. त्याच्या किडन्या अर्ध्यामुर्ध्याच चालत होत्या, आणि दर वर्षी थोड्या आणखी ढासळत होत्या. अभ्यासात किडनीची तपासणी नव्हतीच, म्हणून ऑक्टोबरात ती कुणी केली नव्हती.

"ओब्राद, याच नळीतून किडनीचं बघ."

थोड्या वेळानं यंत्रानं आकडा दाखवला. ओब्रादनं तो वाचला, पुन्हा वाचला आणि यागोदाकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

ज्या माणसाचं ते रक्त होतं, त्याच्या किडन्या ठणठणीत होत्या.

३

ढासळलेली किडनी म्हातारपणी पुन्हा उभी राहत नाही. ते रक्त व्लायकोचं नव्हतं.

यागोदाला वाटलं होतं, तोपालोव हादरतील. उलट त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्यांच्या खुणा खोट्या ठरल्या नव्हत्या. खऱ्या व्लायकोला त्यांनी कधी तपासलंच नव्हतं. पुढच्याच क्षणी ते ओब्रादकडे वळले.

"म्हणजे नळ्यांची अदलाबदल तुझ्याकडे झाली."

"मी एकेक नळी एकेकदाच हातात घेतो, डॉक्टर."

"दिवसाला ढीगभर नळ्या. एखाद्या दिवशी डोकं ठिकाणावर नसेल. बायकोचं तेव्हा काहीतरी चाललं होतं ना तुझ्या?"

ओब्रादची बायको त्याच ऑक्टोबरात घर सोडून गेली होती, हे सगळ्या हॉस्पिटलला ठाऊक होतं. तो खाली मान घालून उभा राहिला. "होतं," तो म्हणाला. "माझी चूक असेल तर मी नोकरीच काय, हे शहरसुद्धा सोडेन. पण माझ्या हातून झालेलं नाही. झालं असतं तर मला कळलं असतं."

"कळलं असतं म्हणे."

"थांबा," यागोदा म्हणाली. "अदलाबदल झाली असेल तर व्लायकोचं रक्त दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं फ्रीझरमध्ये पडलेलं असणार. ते शोधू."

त्या सकाळी ज्यांचं रक्त आलं होतं त्या सगळ्यांच्या नळ्या त्यांनी काढल्या. आदल्या आणि नंतरच्या दिवसांच्याही. ओब्राद जेवायला गेला नाही, यागोदाही नाही. एकेक नळी वितळली, किडनीचा एकेक आकडा आला, आणि तो प्रत्येकाच्या जुन्या रिपोर्टांशी ताडून पाहिला. ज्याचं त्याचं रक्त ज्याच्या त्याच्या नावानं होतं. व्लायकोसारख्या किडन्या एकाही नळीत नव्हत्या.

यागोदानं चष्मा काढून डोळे चोळले. एका अर्थानं ही सुखाची बातमी होती. दुसरा कुणी फसलेला रोगी नव्हता. पण मग उरलेली एकच गोष्ट फार विचित्र होती.

"ओब्राद, तुझा काही दोष नाही," ती म्हणाली. "लॅबमध्ये काही बदललंच नाही. व्लायकोचं रक्त या दारातून कधी आत आलंच नाही."

तोपालोव खिडकीशी उभे होते. "मग सरळ आहे की," ते सावकाश म्हणाले. "चांगला रिपोर्ट कुणाला हवा होता? ज्या मुलीला लिंझला पळायचं होतं तिला. आता मन खातंय, म्हणून आपल्या दारात आलीय."

"मन खाणारी माणसं स्वतः चौकशी लावत नाहीत, डॉक्टर."

यागोदा हे बोलली खरी. पण तिसऱ्या मजल्याच्या जिन्याकडे जाताना तोच विचार तिच्या डोक्यातून निघत नव्हता.

४

एमेशे नावाची सिस्टर ऑक्टोबरात नुकतीच बदलून आली होती. आधीची सिस्टर निम्म्या शहराला नावानं ओळखायची. पण तेव्हा ती सुट्टीवर होती, आणि एमेशेला इथलं कुणीच माहीत नव्हतं.

"कार्ड बघितलं होतं मी, बाई," ती पहिल्यांदा हेच म्हणाली. "नाव होतं, नंबर होता."

"तुला कुणी दोष देत नाही. कार्डावर फोटो असतो का?"

"नसतो ना."

यागोदानं बोयानाकडून फोनवर मागवून घेतलेला व्लायकोचा फोटो दाखवला. टोपी, पांढऱ्या मिशा, रुंद कपाळ. एमेशे बराच वेळ बघत राहिली.

"असेलही, नसेलही. इथले सगळे म्हातारे टोपी घालतात आणि सगळ्यांना मिशा असतात." ती ओशाळून हसली. "पण त्यांची आठवण आहे मला. लिफ्ट तेव्हा बंद होती. सगळे पाय दुखणारे रोगी, त्यांना जिना चढून यावं लागायचं. एकेकाचे हाल बघवत नव्हते. कुणी मधल्या पायरीवर बसायचं, कुणी मला शिव्या द्यायचं. हे आजोबा तेवढे मजेत वर आले. मी म्हटलं, आजोबा, बसा जरा, दम खा. तर म्हणाले, पोरी, दम खायला मी काय डोंगर चढून आलोय?"

"धापा टाकत नव्हते?"

"छे. शीळ घालत होते."

शंभर पावलं चालू न शकणारा माणूस शीळ घालत तीन मजले चढला होता.

"रक्त घेतल्यावर काय केलंस? दंडाला काय बांधलंस?"

"बँडेज गुंडाळलं. म्हाताऱ्यांची कातडी पातळ असते, चिकटपट्टी काढताना सोलवटते. मी कुणालाच लावत नाही."

त्याच दुपारी यागोदा बोयानाच्या घरी गेली. वडिलांचं दोन खोल्यांचं घर, ओट्यावर पिठाची परात. चाळिसाव्या दिवसाच्या विधीसाठी बोयाना पाव करत होती, आणि गहू शिजत घातले होते.

"रक्त द्यायला तुम्ही घेऊन गेला होतात का त्यांना?" यागोदानं विचारलं.

"नाही. मी बेकरीत कामाला होते, सकाळची पाळी सोडता येत नव्हती. बाबा म्हणाले, मी काय कुकुलं बाळ आहे? जाईन माझा मी."

"आणि कार्ड?"

"त्यांच्याच खिशात असायचं. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

"संध्याकाळी काही वेगळं वाटलं?"

बोयानानं पीठ मळायचं थांबवलं. "काहीच नाही. दंडाला चिकटपट्टीनं कापूस लावलेला होता. मीच काढला. त्यांना म्हटलं, सिस्टरचा हात हलका दिसतो, सुईची खूणसुद्धा नाही. ते हसले." तिनं वर पाहिलं. "का हो डॉक्टरबाई? ते रक्त बाबांचं नव्हतं ना?"

चिकटपट्टी सिस्टरनं लावलेली नव्हती. ती व्लायकोनं घरी स्वतःच्या हातानं लावली होती, मुलगी कामावरून परतायच्या आत. यागोदाला एकदम सगळा आकार दिसला, आणि तो मुलीच्या तोंडावर सांगण्यासारखा नव्हता.

"नव्हतं," ती म्हणाली. "कुणाचं होतं ते कळू दे. मग सगळं एकदमच सांगते."

५

चाळिसाव्या दिवशी कबरीशी फारशी माणसं नव्हती. टपाल कचेरीतले दोघेतिघे, शेजारणी, भांड्यांच्या दुकानाची मालकीण. पाद्र्यानं प्रार्थना म्हटली. गोड गव्हाची वाटी एकाकडून दुसऱ्याकडे गेली, प्रत्येकानं चमचाभर खाल्लं आणि रकिया दारूचे चार थेंब मातीवर ओतले. यागोदा मागे उभी होती. व्लायकोचं कार्ड घेऊन त्याच्या नावानं सुई टोचून घेणारा माणूस त्याला इतका जवळचा असणार, की तो आज इथं आल्यावाचून राहणार नाही, एवढी तिची खात्री होती.

वाटी एका उंच म्हाताऱ्यापर्यंत आली. टोपी हातात, पांढऱ्या मिशा. कबरस्तानाच्या चढावर इतरांपेक्षा तोच सहज चालत आला होता. बोयानानं त्याला मिठी मारली, "गावराकाका" म्हणाली, आणि त्याच्या कोटात तोंड लपवून रडली. हा तिचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानं तिला हातात धरलं होतं. या लोकांत ते नातं रक्ताच्या नात्याहून वरचं.

त्यानं पोरीच्या डोक्यावरून वर बघितलं आणि उजेड त्याच्या डोळ्यांत पडला. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर होता.

यागोदाला ओब्रादनं दाखवलेली नळी आठवली. काहींच्या रक्तात कावीळ नसतानाही ते पिवळं द्रव्य जन्मजात थोडं जास्त असतं. त्यानं काही बिघडत नाही, आयुष्यभर कळतही नाही. फक्त उपास घडला की ते चढतं. ऑक्टोबरात रक्त उपाशीपोटी घेतलं होतं, आणि आता ईस्टरआधीचा उपासाचा महिना चालू होता.

लोक पांगल्यावर ती त्याच्याबरोबर नदीच्या बांधावर आली. तिसा फुगलेली होती, गढूळ पाणी झाडांच्या बुंध्यांना लागलं होतं.

"उपास कडक करता वाटतं, गावरादादा?"

"आई करायची. सवय." तो पाण्याकडे बघत होता. "तुम्ही हॉस्पिटलच्या ना?"

"हो. तुमच्या डोळ्यांत जो पिवळेपणा आहे, तोच माझ्या फ्रीझरमध्ये व्लायकोच्या नावाच्या नळीत आहे. एवढ्यानं सिद्ध होत नाही म्हणा. पण तुम्ही थोडं रक्त दिलंत तर होईल."

तो लपवाछपवी करणारा माणूस नव्हता. बांधावरच्या दगडावर तो हळूच बसला, आणि आता मात्र तो म्हातारा दिसायला लागला.

"नको," तो म्हणाला. "एकदा दिलं तेवढं पुरे झालं."

६

"सप्टेंबरात आला माझ्याकडे," गावरा सांगू लागला. "म्हणाला, गावरा, मला तुझं रक्त पाहिजे. मला वाटलं, ऑपरेशनसाठी. म्हटलं घे, पिंपभर घे. तर म्हणाला, तसं नाही. मग सगळं सांगितलं. बोयानाचा नवरा फोनवर हल्ली कमी बोलतो. पोरगी आईचा चेहरा पडद्यावर बघून झोपते. आणि ही बया बापाच्या पोटऱ्या चोळत इथं बसलीय. ती म्हणते, रक्त वाईट निघालं तर मी हलणार नाही. आणि रक्त वाईट निघणार, गावरा, मला माझं शरीर कळत नाही का, असं म्हणाला तो."

"तुम्ही नाही म्हणाला नाहीत?"

"म्हटलं ना. गाढवा, म्हटलं, तुझ्याऐवजी मी टोचून घेतलं तर तुझं दुखणं काय माझ्याकडे येणार आहे? तर हसला. म्हणाला, जुनी सिस्टर कधी सुट्टीवर जाते ते मी काढलंय, नवीन कुणी येणार आहे. सगळं आखूनच आला होता. टपालवाला ना. कुणाच्या घरी काय चाललंय ते त्याला आधी कळायचं." गावरानं मिशांवरून हात फिरवला. "पोरीचा मी धर्मपिता. तिचं घर मोडत होतं. मला वाटलं, एक रिपोर्ट खोटा, दुसरं काय? खरंच वाटलं हो. रक्त तपासल्यानं कुणी बरं होत नाही, न तपासल्यानं कुणी मरत नाही, असंच मला वाटत होतं."

पाण्यातून एक उखडलेलं झाड सावकाश वाहत गेलं.

"आता खरं सांगा," तो म्हणाला. "त्याचं खरं रक्त तुमच्याकडे आलं असतं तर?"

"लगेच आत घेतलं असतं. हृदय तपासलं असतं. औषधं बदलली असती."

"म्हणजे वाचला असता."

"कदाचित. सगळे नाही वाचत. पण काही वाचतात."

"तो त्या काहींतला होता का?"

"ते मला सांगता येणार नाही, गावरादादा. आता कुणालाच नाही."

त्यानं मान हलवली. ती त्याची शिक्षा होती, आणि ती कधी संपणारी नव्हती, हे दोघांनाही कळलं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "बोयानाला सांगू नका. हवं तर मला पोलिसांत द्या. लॅबची चूक होती म्हणून सांगा. ती तुमच्यावर चिडेल, चार दिवसांनी विसरेल. हे कळलं तर स्वतःवर चिडेल, आणि ते विसरत नाही माणूस."

यागोदालाही हे सुचून गेलं होतं. सही तिची होती, निवृत्ती जवळ होती. तिनं चूक पदरात घेतली असती तर फार काही बिघडलं नसतं. पण तोपालोवांनी ओब्रादविरुद्ध आधी टाईप केलेली तक्रार अजून फाडली नव्हती. आणि दुसरं म्हणजे, बोयानानं तिला सरळ डोळ्यांत बघून प्रश्न विचारला होता.

"लॅबची चूक म्हटली तर बायको गेलेल्या एका माणसाची नोकरीही जाईल," ती म्हणाली. "आणि त्या मुलीला उगाच वाटत राहील की तिचा बाप कुणाच्या तरी निष्काळजीपणानं गेला. तो कशासाठी गेला हे तिला कळायला नको का?"

गावरा उठला. "मग मी सांगतो. तुम्ही फक्त सोबत या."

बोयाना घरी भांडी विसळत होती. गावरानं उभ्यानंच सांगितलं, मुलीच्या पाठीकडे बघत. काही गाळलं नाही, स्वतःची बाजू मांडली नाही. नळाचं पाणी वाहत होतं, ते बंद करायचंही तिला भान राहिलं नाही. शेवटी यागोदानं पुढे होऊन नळ बंद केला.

"मीच तसं म्हटलं होतं," बोयाना म्हणाली. "रक्त वाईट निघालं तर राहीन. मीच म्हटलं होतं ना."

"त्यात तुझा काय दोष, पोरी," गावरा म्हणाला.

"तुम्ही बोलू नका, काका." ती वळली. डोळे कोरडे होते. "तुम्ही नाही म्हणायला हवं होतं. बाबांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. तुम्हाला जमत होतं. तुम्ही एकटेच त्यांना नाही म्हणू शकत होतात."

"हो," तो म्हणाला.

"रोज भेटत होतात तुम्ही त्यांना. रोज बघत होतात."

"हो."

यागोदाला निघावंसं वाटलं, पण त्या दोघांना तिथं एकटं सोडवेना. दुसऱ्या दिवशी ती तोपालोवांच्या टेबलावरची तक्रार स्वतः उचलणार होती आणि व्लायकोचं नाव अभ्यासातून काढून टाकणार होती. त्याच्या मरणानं त्या तीन खुणांबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, चांगलं नाही की वाईट नाही. आकड्यांच्या हिशेबात तो कधी नव्हताच.

टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर एक लहान मुलगी होती, पुढचा दात पडलेली. बोयानानं ओले हात पुसले आणि फोन उचलला.

"आई, आजोबांसाठी मेणबत्ती लावलीस?"

"लावली."

"माझ्या नावाची पण?"

"तुझ्या नावाची पण."

"आणि डॉक्टरबाईंना विचारणार होतीस ते विचारलंस? आजोबा कशामुळे गेले?"

बोयानाचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. पलीकडे पोरगी वाट बघत राहिली. "आई? ऐकू येत नाहीये."

गावरा दाराशी गेला होता, टोपी घालून. बोयाना त्याच्या मागे गेली. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, पण फोन त्याच्या हातात दिला.

"तिला तुम्ही सांगा," ती म्हणाली. "कळेल असं. आणि खरं."

म्हाताऱ्यानं फोन दोन्ही हातांत धरला. मग तो ओट्याजवळच्या स्टुलावर बसला, त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लेना," तो म्हणाला, "मी गावराआजोबा बोलतोय. तुझ्या आजोबांना एक पार्सल पोचवायचं होतं. फार लांब, तुझ्या दारापर्यंत. पायांनी जमत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे आले..."

बोयाना त्याच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली.